गोऱ्याचा रॅप आणि दस्तगीरचा मृदंग

दस्तगीर नदाफचं गाद्यांचं दुकान इंदापुरात माझ्या मेडिकलच्या बरोबर समोर आहे. मध्ये रस्ता आणि एक रसवंती. मी औषधं विकतो, तो गाद्या भरतो, आणि तुमच्याकडं काय आन माझ्याकडं काय, माणूस शेवटी झोप लागावी म्हणूनच येतो, असं तो म्हणतो. बोलायला गमतीचा माणूस. पन्नाशी कधीच ओलांडलीय, दाढी पांढरी झालीय, बोटांना सुईचे घट्टे आहेत. त्याचं दुकान हे आमच्या बाजारपेठेतलं गप्पांचं ठिकाण आहे, त्याचं कारणही साधं आहे. बाकी दुकानांत प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, इथं बसायला गाद्या आहेत.

नदाफ म्हणजे पिढीजात कापूस पिंजणारे. त्याचे वडील खांद्यावर पिंजायची धनुकली घेऊन गावोगाव फिरायचे. लोणी देवकरला गेले की मुक्काम ठरलेला, तिथल्या एका शेतकऱ्याच्या, म्हणजे रावजीच्या वडिलांच्या, गोठ्याशेजारी. रावजीचे वडील देवळात मृदंग वाजवायचे. संध्याकाळी भजनाला बसताना ते आपल्या पोराला पुढ्यात घ्यायचे, आणि त्याच्या शेजारी हे नदाफाचं पोरगंही बसायचं. असे रावजी आणि दस्तगीर एकाच माणसाकडून, एकाच मृदंगावर शिकले. पुढं लोणी देवकरच्या भजनी मंडळात दोघंही वाजवायला लागले. दस्तगीरची नमाज कधी चुकली नाही आणि मंडळाचं भजनही. त्याला मशिदीत कुणी कधी टोकलंच नाही असं मी म्हणणार नाही, पण तो ऐकून घ्यायचा आणि पुढच्या एकादशीला मोटारसायकल काढून लोणीला जायचा.

आता मंडळात मृदंग वाजवणारे दोन आणि स्पर्धेच्या स्टेजवर जागा एकाची. पूर्वी आलटून पालटून जायचे. मग एका वर्षी कुठल्याशा पेपरात दस्तगीरचा मृदंगासकट फोटो आला, खाली दोन ओळी सामाजिक सलोख्याच्या. तेव्हापासून बोलावणं आलं की ‘दस्तगीरभाईंना आणा’ असंच यायला लागलं. कुणी ठरवलं नाही, पण वाटणी होऊन बसली. गावात रावजी, स्टेजवर दस्तगीर. एकादशीला, कुणाच्या दहाव्याला, हनुमान जयंतीला रावजी वाजवणार. बारामतीत, दौंडात, जिथं मांडव आणि माइक असेल तिथं दस्तगीर.

माइक असला की निवेदक आलाच. निवेदक या जमातीबद्दल माझं मत चांगलं नाही. ‘जातीनं मुसलमान असूनही’ अशी त्याची सुरुवात ठरलेली. मग शाल, मग श्रीफळ, मग टाळ्या. शाली इतक्या झाल्या की दस्तगीरची बायको लैला त्या नव्या गाद्यांवर धूळ बसू नये म्हणून पांघरायची. गिऱ्हाईक विचारायचं, ही शाल गादीबरोबर येते का? लैला म्हणायची, मृदंग वाजवायला शिका, मग येते.

दस्तगीरला हे कौतुक आवडायचं. का आवडू नये? लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर खाली किती उंची आहे हे कोण बघतं? तो चांगला वाजवतो अशी त्याची समजूत होती, माझीही होती, तालुक्याची होती. या समजुतीला धक्का लागला तो अमेरिकेतल्या रॅप गाण्यांवरून, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

दस्तगीरचा भाचा सोहेल लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनवर आहे. सुट्टीच्या दिवशी तो मामाच्या दुकानात पडलेला असतो. त्याला रॅपचं वेड. स्वतःही रचतो, आपल्या बोलीत, कंपनीतल्या सुपरवायझरवर वगैरे. मला विचाराल तर रॅप म्हणजे भांडण ताल धरून करणं, पण मला कुणी विचारत नाही. सोहेलचा देव म्हणजे डेट्रॉइट गावचा एक गोरा गायक. देव म्हटलेलं त्याला चालत नाही, तो ‘उस्ताद’ म्हणतो. आणि दस्तगीरची मुलगी अफशीन बारामतीला कॉलेजला जाते, एसटीनं येऊन जाऊन करते. ती या उस्तादाच्या विरुद्ध. म्हणजे पुरती विरुद्धही नाही, आणि तेच सोहेलला जास्त झोंबायचं.

वाद पुष्कळ दिवस चालला होता. सोहेलचं म्हणणं सरळ होतं. तो गोरा गरिबीत वाढला, काळ्या पोरांच्या मैफिलीत जाऊन उभा राहिला, हुर्यो झाली, परत गेला, परत हुर्यो झाली, शेवटी शब्दांनी जिंकला. त्याच्याएवढे यमक कुणाला जमत नाहीत.

“डोळं मिट आन ऐक,” सोहेल म्हणायचा. “रंग दिसतो का?”

“डोळे मिटून तिकीट कोण काढतं?” अफशीन म्हणायची. “पोस्टरवर तोंड असतं की.”

मग ती सांगायची. हे गाणं काळ्यांच्या वस्त्यांत जन्मलं. तिथं असे कित्येक होऊन गेले, गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकणारे, ज्यांचं नावही आता कुणाला माहीत नाही. गोऱ्या पोरांचे आईबाप पूर्वी त्यांची गाणी घरात लावू द्यायचे नाहीत. गोरा आला आणि सगळ्या घरांची दारं उघडली. तो चांगला आहेच, पण त्याच्यापुढं जे उघडलं ते त्याच्या यमकानं नाही उघडलं.

“सगळं गोरं कुठं मोठं झालं?” सोहेल म्हणाला. “त्याच्या आदी एक गोरा आलता. गाणं पयल्या नंबरला. मग कळलं, त्यानं सांगितलेली गरिबी न् मारामाऱ्या निम्म्या बनावट. आता त्याला हसत्यात. म्हंजे लोकांना अस्सल कळतं.”

“आणि तो दुसरा? ज्याला मोठं बक्षीस मिळालं?”

तो दुसरा मलाही तेव्हाच कळला. एका गोऱ्या गायकाला तिकडचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. त्याच्याबरोबर यादीत एक काळा गायक होता, सरळसरळ सरस. गोऱ्यानं रात्री त्याला मेसेज केला की बक्षीस तुझं होतं, तुला लुटलं. आणि मग तो मेसेज स्वतःच सगळ्या जगाला दाखवला.

“मोठ्या मनाचा हाय की मग,” सोहेल म्हणाला.

“बक्षीस परत दिलं का? नाही. उलट मोठ्या मनाचं आणखी एक बक्षीस पदरात पडलं.”

मी तिथं चहा पीत होतो. उडदामाजी काळे गोरे, सोडा की आता, असं मी म्हणालो. माझ्याकडं दोघांनीही लक्ष दिलं नाही. सोहेलनं शेवटचा पत्ता टाकला. मागं काय राहिलं ते बघ, म्हणाला. त्याच्यामुळं मी रॅप ऐकला, आणि मग मागं जाऊन काळ्यांचं ऐकलं. इंदापुरातल्या पोराला नाहीतर कोण सांगणार होतं?  हे अफशीनला मान्य होतं, तसं तिनं म्हटलंही. तिला खोटं जिंकता येत नाही, हा तिचा गुण.

“मी त्याला वाईट म्हणतच नाही,” ती म्हणाली. “पण तो काळा असता तर लोक ‘चांगला आहे’ म्हणाले असते. गोरा आहे म्हणून ‘सगळ्यात मोठा’ म्हणतात. चांगला आणि सगळ्यात मोठा, यांच्यामधलं जे अंतर आहे ना, ते त्याच्या कातडीचं आहे.”

दस्तगीर गादीला टाके घालत होता. इतके दिवस तो या वादात पडला नव्हता, पोरांचं पोरांपाशी, असं त्याचं धोरण. त्यानं सुई गादीत तशीच टोचून ठेवली.

“त्याला सोताला कळत आसल का?” त्यानं विचारलं.

“काय, अब्बा?”

“आपन खरंच कितपत हाय ते.”

अफशीननं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या डोक्यात तोवर बाप नव्हताच, ती डेट्रॉइटमध्ये होती. आता तिला कळलं आणि ती चपापली. “तुमचं वेगळं आहे अब्बा,” ती घाईनं म्हणाली. “गोरे तिकडं जास्त, इकडं आपण थोडे. तिकडं त्यांची सत्ता, इकडं आपण कसेबसे.”

“व्हय, वेगळं हाय,” दस्तगीर म्हणाला आणि परत सुई उचलली. पण त्या दिवशी तो टाका तिरका गेला. मला टाक्यातलं कळत नाही, लैलानं तो उसवला म्हणून कळलं.

दोन-तीन दिवसांनी तो माझ्या काउंटरवर आला. गोळ्या नको होत्या. थोडा वेळ खोकल्याच्या औषधांकडं बघत उभा राहिला.

“रामभाऊ, मी वाजवतो कसा?”

“चांगला वाजवता की.”

“मुसलमान असून, का नुसताच?”

मला राग आला. सकाळची गर्दी होती आणि असल्या प्रश्नाला काउंटरवर उत्तर नसतं. मी म्हणालो, मला कळत नाही त्यातलं. हे खरं होतं, पण म्हणायला इतकी वर्षं लागली होती. तो हसला. “तालुक्याला कळत न्हाय आन टाळ्या वाजवत्यात,” म्हणाला. मग त्यानं सांगितलं की कळणारा एकच माणूस आहे, आणि त्याला विचारायची भीती वाटते. मी बरोबर यावं अशी त्याची इच्छा होती. एकटा गेलो तर रावजी चेष्टेवारी नेईल, म्हणाला.

दुपारी दुकान मुलावर टाकून मी त्याच्या गाडीवर मागं बसलो. रावजीची पेरूची बाग आहे लोणीच्या शिवारात. तो आणि त्याची बायको सिंधुबाई एकेका कच्च्या पेरूला डाग पडू नये म्हणून फोमची जाळी घालत होती आणि वरून पिशवी. रावजी बोलायला मुळातच कमी. आम्हाला बघून त्यानं मान हलवली आणि हातातलं काम चालू ठेवलं. दस्तगीरनंही एक जाळ्यांचा गठ्ठा घेतला आणि शेजारच्या झाडाला सुरुवात केली. मी बांधावर बसलो. दोन झाडं भरून झाली. मला वाटलं, आता हा विचारत नाही, फुकट ऊन खाल्लं.

“रावजी, एक खरं सांग. मी कसा वाजवतो?”

रावजीनं पिशवीची गाठ मारली.

“हात गोड हाय तुजा.”

“ते सोड. खरं सांग.”

“समेवर यायच्या आदी घाई करतोस,” रावजी म्हणाला. “सारखी. लोकं टाळ्या वाजवत्यात तितं आनखी करतोस. गानारा बिचारा तुज्या मागनं पळतो. आदी न्हवती ही खोड. स्टेजवर जायला लागलास तवापास्नं लागली.”

दस्तगीरच्या हातात जाळी तशीच राहिली. “आन तू?”

“मी न्हाय करत.”

“म्हंजे तू माज्यापेक्षा चांगला हायस.”

“व्हय,” रावजी म्हणाला. त्यात फुशारकी नव्हती आणि संकोचही नव्हता. सिंधुबाई तोंडात पदर धरून दुसऱ्या ओळीत निघून गेली.

“मग येवढी वर्सं सांगितलं का न्हाईस?”

रावजीनं आता पहिल्यांदा हातातलं काम थांबवलं. “कसं सांगू? मी म्हनलो आसतो दस्तगीर चुकतो, तर लोकं काय म्हनली आसती? रावजीला मुसलमान खपत न्हाय. मंडळातल्या आनखी कुनी सांगितलं आसतं तरी त्येच. तुजी चूक काडायची कुनाला सोयच ऱ्हायली न्हाय. म्हनून सगळी गप. आन तुज्यामुळं मंडळाला बोलावनी येत्यात, त्येबी हायच.”

हे ऐकून मला वाईट वाटलं, दस्तगीरसाठी आणि रावजीसाठीही. चांगुलपणानं एखाद्याचं इतकं नुकसान करता येतं हे मी औषधांच्या धंद्यातही पाहिलं नव्हतं. दस्तगीर बांधावर येऊन माझ्याशेजारी बसला. रागावला नव्हता. पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि रावजीला म्हणाला, “मग आता शिकीव.”

रावजीनं शिकवलं. कसं शिकवलं ते मी एकदाच पाहिलं, पुन्हा पाहायची इच्छा झाली नाही. रावजीच्या पडवीत समोरासमोर बसून दस्तगीर वाजवायचा आणि घाई झाली की रावजी काही न बोलता मृदंगावर हात ठेवून आवाज बंद करायचा. पुन्हा पहिल्यापासून. पांढऱ्या दाढीचा माणूस शाळेतल्या पोरासारखा घामाघूम. बरेच आठवडे गेले, खोड जाता जाईना. शेवटी रावजी म्हणाला, “तू काई दिवस टाळ वाजीव. टाळंला घाई करता येत न्हाय, बाकीची मानसं मागं वडत्यात.”

असा दस्तगीर टाळकऱ्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला. मंडळात कुजबुज झाली. दस्तगीरभाई मृदंगावर नसतील तर बोलावतील का कुणी, असा सगळ्यांचा घोर. दस्तगीरनं सांगितलं, पुढच्या स्पर्धेला रावजी वाजवणार, मी टाळ धरणार, नसलं पटत तर मी येत नाही. मग पटलं.

स्पर्धा सोमेश्वरनगरच्या बाजूला एका गावात होती. कारखान्याचं गाळप संपत आलं होतं, ऊसतोड्यांची निम्मी पालं उठली होती आणि रिकामे ट्रॅक्टर रस्त्याकडेला लागले होते. आम्ही जीपनं गेलो. मंडळातली माणसं, सोहेल, अफशीन आणि मी. मी का गेलो, तर मला आता त्यात रस उत्पन्न झाला होता. भजनात नव्हे, या दोघांत.

लोणी देवकरची पाळी दुपारी चारच्या सुमारास आली. एक अभंग, एक गवळण, एवढीच मुदत. परीक्षक म्हातारे होते, पुण्याकडचे कुणी पखवाज शिकवणारे. मला तालातलं कळत नाही हे मी आधीच सांगितलं आहे, पण त्या दिवशी मला एवढं कळलं की गाणारा निवांत गातोय. रावजीनं एकदाही मान वर केली नाही. अभंग संपता संपता परीक्षकांनी लिहायचं थांबवलं आणि ते नुसतं ऐकत बसले. सोहेल माझ्या कानाशी म्हणाला, “काका, हा खरा उस्ताद.” दस्तगीर टाळकऱ्यांच्या ओळीत कडेला होता. त्याची नजर रावजीच्या हातावर होती, एकदोनदा तो स्वतःचा टाळ विसरला असावा.

पाचच्या पुढं बक्षीस समारंभ सुरू झाला. परीक्षक गुण देऊन निघून गेले होते, त्यांना जेजुरीला आणखी एक कार्यक्रम होता. निवेदकानं उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट पेटी अशी नावं पुकारली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि उत्कृष्ट मृदंगवादक. जातीनं मुसलमान असूनही...”

टाळ्या सुरू झाल्या, पुढचं ऐकूच आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. झालं होतं असं की परीक्षकांनी ‘मृदंग, लोणी देवकर’ एवढंच कळवलं होतं. आणि लोणी देवकरचा मृदंग म्हणजे दस्तगीर नदाफ, हे तीन तालुक्यांना ठाऊक होतं. कुणी डोळे वर करून बघायची तसदी घेतली नव्हती.

दस्तगीर जागचा उठेना. कार्यकर्त्यांनी त्याला जवळजवळ उचलूनच स्टेजवर नेलं. प्रमुख पाहुण्यांनी शाल घातली. “काय मृदंग वाजवता हो,” ते माइकसमोरच म्हणाले, “मी डोळे मिटून ऐकत होतो.”

दस्तगीरनं माइक ओढून घेतला. “मी टाळ वाजीवला,” तो म्हणाला. “मृदंग ह्यो रावजीनं वाजीवला.”

ज्यांनी बघितलं होतं ते हसले. ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनी आधीपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या. निवेदकानं माइक परत घेतला. “याला म्हणतात मनाचा मोठेपणा. आपलं श्रेय मित्राला देणारा हा सच्चा मुसलमान.” मांडव उभा राहिला.

दस्तगीर तिथं हातात प्रमाणपत्र घेऊन उभा होता. मला वाटलं, आता तो रावजीला वर बोलावेल आणि त्याच्या हातात ते देईल. सगळ्यांना तसंच वाटलं असावं, फोटोवाला तर गुडघ्यावर बसला होता. दस्तगीरनं खाली अफशीनकडं बघितलं, आणि तो काहीच न करता पायऱ्या उतरून आला. नंतर जीपमध्ये त्यानं मला हळूच सांगितलं, त्याला त्या मेसेजवाल्या गोऱ्याची आठवण झाली. रावजीला वर बोलावून दिलं असतं, तर तेही दस्तगीरच्याच मोठेपणाच्या खात्यावर जमा झालं असतं.

अफशीन मात्र तडक संयोजकाच्या टेबलापाशी गेली. मीही गेलो. तिनं शांतपणे सांगितलं की नाव चुकलं आहे, दुरुस्त करा, पुन्हा पुकारा.

“राहू दे बेटा,” संयोजक म्हणाला. माणूस भला होता, तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. “तुझ्या वडलांचा मान आहे. आता यांचं नाव काढून त्यांचं घातलं तर लोक भलता अर्थ काढतील. गावात सलोखा आहे, तो कशाला बिघडवायचा?”

“पण वाजवलं त्यांनी.”

“त्यांना पुढल्या वर्षी देऊ की.”

पालथ्या घड्यावर पाणी. अफशीन खुर्चीवरून उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. सोहेल बाहेर उभा होता. तो तिला काही म्हणाला नाही आणि तिनंही ‘बघ, मी म्हणत होते’ असं म्हटलं नाही.

रावजी तोवर मृदंगाला गवसणी घालून जीपमध्ये जाऊन बसला होता. आम्ही बारामती ओलांडली, भिगवणवरून हायवेला लागलो. मंडळातल्या एकानं बोलायचा प्रयत्न केला की बक्षीस शेवटी लोणी देवकरलाच आलं ना. त्याच्याकडं रावजीनं असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघायला लागला.

लोणी देवकर फाट्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता, ढाब्याच्या दिव्यांचा उजेड तेवढा होता. मंडळातली माणसं उतरून गावाकडं चालायला लागली. रावजी शेवटी उतरला, मृदंग खांद्याला. दस्तगीर त्याच्या मागून उतरला आणि प्रमाणपत्र पुढं केलं.

“माजं नाव न्हाय त्येच्यावर,” रावजी म्हणाला.

“बक्षीस तुजं हाय.”

“त्ये मला म्हाईत हाय. तू कशाला सांगतोस?”

दस्तगीरचा हात तसाच पुढं राहिला, मग खाली आला. रावजीला राग आला होता आणि तो राग खरा होता. इतक्या वर्षांनी त्यानं मांडवात बसून वाजवलं, कुणीतरी जाणत्यानं त्याला ओळखलं, आणि तरी त्याच्या हाताला काही लागलं नाही. दस्तगीर जे काही म्हणेल ते त्या वेळी चुकीचंच ठरलं असतं. हे त्यालाही कळलं असावं, कारण तो जीपकडं वळला.

“गवळणीत दोनदा मागं पडलास,” रावजी पाठीमागून म्हणाला.

दस्तगीर थांबला. “कुठं?”

“दुसऱ्या कडव्याला. आन परत शेवटाला. आदी घाई करायचास, आता रेंगाळाय लागलास. माज्या हाताकडं काय बगत बसतोस? कान दे.”

“दुसऱ्या कडव्याला नक्की कुठं?”

रावजीनं वैतागून मृदंग खांद्यावरून काढला, रस्त्याकडेच्या दगडावर ठेवला आणि गवसणीवरूनच बोटांनी वाजवून दाखवलं. दस्तगीर समोर उकिडवा बसला आणि गुडघ्यावर हातानं ताल धरायला लागला. रावजीनं मान हलवली, न्हाय, पुन्हा. हायवेवरून गाड्या जात होत्या. ड्रायव्हरनं मला विचारलं, निघायचं ना? मी म्हणालो, थांब जरा.

बऱ्याच वेळानं दस्तगीर येऊन माझ्याशेजारी बसला. प्रमाणपत्र त्यानं सीटखाली सरकवलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर माणूस खुशीत होता, स्टेजवरून उतरताना मी त्याला कधी पाहिला नव्हता इतका.

“दोनदा चुकलो, रामभाऊ,” तो म्हणाला. “मी न इचारता सांगितलं त्यानं.”